स्पीकरमधला घूं कुठून येतो?

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या काकांनी दार वाजवलं. "झोपला नाहीस ना? जरा खाली ये. मशीन परत घुमायला लागलंय." 'परत' या शब्दावर त्यांनी दिलेल्या जोरातच सगळी हकिकत आली. पस्तीस वर्षांपूर्वी घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर, लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर, सीडी प्लेअर आणि टीव्हीचा आवाज पातळ वाटतो म्हणून अलीकडे जोडलेला सेट-टॉप बॉक्स. वर्षभरात अ‍ॅम्प्लिफायर दोनदा दुरुस्तीला जाऊन आला होता. दोन्ही वेळा पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर बदलले, दोन्ही वेळा काकांनी बिल भरलं. आणि तरीही विलंबित ख्यालात गायक श्वास घेतो नेमक्या त्या जागी स्पीकर आपला सूर लावत होता. घूंऽऽऽ.

मी व्हॉल्यूम शून्यावर नेला. घूं गेला. वाढवला, परत आला. मग मागे हात घालून एकेक पिन काढत गेलो. सीडी प्लेअरची काढली, काही फरक नाही. सेट-टॉप बॉक्सची काढली आणि खोली एकदम शांत झाली. ती परत लावली, घूं परत. आता पिन तशीच ठेवून, खिडकीतून आत आलेली केबलवाल्याची काळी वायर बॉक्सवरून फिरवून सोडवली. पुन्हा शांत. काकांनी मला बाजूला केलं आणि ती वायर स्वतःच्या हाताने चार वेळा लावून-काढून पाहिली.

अ‍ॅम्प्लिफायर बिघडलेलाच नव्हता. बदललेले कंडेन्सर धड होते. घूं येत होता तो शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून लोंबत आलेल्या वायरीतून.

घरातली म्युझिक सिस्टीम घुमायला लागली की माणसं सगळ्यात आधी खोकं उघडतात किंवा उघडायला देतात. मला हे चुकीचं वाटतं. पहिलं निदान कानाने करायचं असतं, आणि त्याला व्हॉल्यूमचं बटण आणि मागच्या पिना एवढीच हत्यारं पुरतात.

आधी घूं म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी, म्हणजे ५० हर्ट्झची. ही कंपनं स्पीकरपर्यंत पोचली की आपल्याला सूर ऐकू येतो. पेटीवर हात असलेल्यांनी एकदा पडताळून पाहावं: हा सूर पांढरी पाचच्या अगदी जवळचा, बराच खालच्या सप्तकातला आणि किंचित चढा असतो. रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून सगळ्या देशाची वीज एकाच ठेक्यावर चालते. कोल्हापुरातला स्पीकर आणि गुवाहाटीतला स्पीकर एकाच क्षणी घुमत असतील तर त्यांचा सूर एकच असतो. अमेरिकेत ६० हर्ट्झची वीज असल्याने तिथल्या मराठी घरांतला घूं आपल्यापेक्षा साधारण दीड स्वर वर लागतो.

हा सूर दोन रूपांत येतो आणि कानाला तो फरक कळला की अर्धं काम झालं. पहिलं रूप ५० हर्ट्झचं: गोल, जाड, ऐकू येण्यापेक्षा छातीत जास्त जाणवणारं. दुसरं १०० हर्ट्झचं आणि त्याच्या पटींचं: भुंग्यासारखं, कडा असलेलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत डायोडचा ब्रिज येणाऱ्या विजेचे खालचे अर्धे हेलकावे उलटवून वर आणतो, त्यामुळे ५० चे १०० होतात. म्हणून भुंगा ऐकू आला तर संशय आतल्या पॉवर सप्लायवर जातो, आणि गोल घूं असेल तर बाहेरून शिरलेल्या विजेवर, म्हणजे वायरी, अर्थिंग किंवा जवळ ठेवलेला ट्रान्सफॉर्मर. हा नियम काटेकोर नाही. बाहेरून आलेल्या घूंमध्येही पुष्कळदा कडा असतात. पण सुरुवात करायला तो चांगला. एक अपवाद लक्षात ठेवा. ब्रिजमधला एखादा डायोड निकामी झाला तर अर्धेच हेलकावे पोचतात आणि आतला भुंगा अचानक खाली ५० वर उतरतो. आवाज वाढला आणि सूर उतरला, असं एकदम झालं तर डायोड तपासायला सांगा.

आपला कान खालच्या सुरांना बराच बहिरा असतो. ५० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू यायला ४४ डेसिबल लागतात, १०० हर्ट्झचा साडेसव्वीसलाच ऐकू येतो. त्यामुळे थोडासा भुंगासुद्धा रात्री छळतो. आणि लहान स्पीकरवर गोल घूं कधीकधी ऐकूच येत नाही, तेच मोठे स्पीकर आणले की 'नवे स्पीकर घुमतात' अशी तक्रार सुरू होते.

आता व्हॉल्यूमची परीक्षा. बटण फिरवल्यावर घूं कमी-जास्त होत असेल तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी शिरतोय: सीडी प्लेअर, टीव्ही, टर्नटेबल, त्यांच्या वायरी किंवा इनपुटची पाटी. बटण कुठेही असलं तरी घूं तेवढाच राहत असेल तर तो नंतरचा आहे, म्हणजे पॉवर सप्लाय किंवा शेवटचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. नुसता पॉवर अ‍ॅम्प्लिफायर असेल, ज्याला बटणच नाही, तर मागच्या सगळ्या इनपुट पिना काढून टाका. तरीही घुमतोय का? उघड्या इनपुटला हवेतूनही थोडं काही लागू शकतं, म्हणून खात्रीसाठी शॉर्टिंग प्लग लावावा. जुन्या आरसीए पिनेची मधली काडी आणि बाहेरचं कवच डाग देऊन एकत्र करायचं, झाला प्लग तयार. तो फक्त इनपुटला लावायचा. आउटपुटला किंवा स्पीकरच्या टर्मिनलला चुकूनही नाही, नाहीतर घूंपेक्षा मोठं दुखणं ओढवेल. प्लग लावल्यावर स्पीकर शांत झाला तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष. मग तो दुकानात नेण्यात अर्थ नाही.

एकाच बाजूचा स्पीकर घुमतोय की दोन्ही, हेही पाहावं. दोन्ही बाजूंना पॉवर सप्लाय बहुतेक वेळा एकच असतो. तो बिघडला तर दोन्हीकडे घुमेल. एकीकडेच घूं असेल तर इनपुटला डाव्या-उजव्या पिनांची अदलाबदल करा. घूं बाजू बदलून दुसरीकडे गेला तर दोष वायरीत किंवा मागच्या यंत्रात, जागीच राहिला तर त्या चॅनेलमध्ये.

वायरीबद्दल बोलायचं तर सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे अर्थचं वेटोळं, ज्याला तंत्रज्ञ ग्राउंड लूप म्हणतात. काकांच्या घरी तेच होतं. अ‍ॅम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगमधून घराच्या अर्थला जोडलेला. केबलच्या वायरीचं कवच दुसरीकडेच कुठेतरी जमिनीला जोडलेलं. या दोन जमिनींमध्ये थोडासा का होईना, व्होल्टेजचा फरक असतोच. सेट-टॉप बॉक्सची पिन अ‍ॅम्प्लिफायरला लावताच दोन्ही जमिनी एकमेकींना भेटतात, आणि मधल्या वायरीच्या कवचातून प्रवाह वाहायला लागतो. तेच कवच गाण्याच्या संदेशाची परतीची वाटही असतं. प्रवाहाचं व्होल्टेज गाण्यात मिसळतं आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याला इमानाने वाढवतो.

किती? आकडे मांडून पाहू. कवचातून १० मिलिअँपिअर वाहिला आणि पिनांच्या सांध्यांसकट कवचाचा अवरोध ०.१ ओहम धरला तर १ मिलिव्होल्ट तयार होतो. पॉवर अ‍ॅम्प्लिफायर साधारण तीसपट करतो, म्हणजे स्पीकरवर ३० मिलिव्होल्ट. २.८३ व्होल्टला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर या एवढ्याशा व्होल्टेजला ५० डेसिबल देतो. रात्रीची शांत खोली तिशीच्या घरात असते. हजारांश व्होल्टवरून एवढा घूं तयार होतो, म्हणून गंजलेली, सैल पिनसुद्धा निर्णायक ठरते. अवरोध दुप्पट झाला की घूंही दुप्पट. पिना काढून मऊ कापडाने पुसून घट्ट बसवल्यावर घूं निम्म्यावर आलेला मी पाहिला आहे.

यंत्रं बनवणाऱ्यांचाही यात वाटा असतो. १९९५ साली नील मन्सी यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिलं की वायरीचं कवच यंत्राच्या धातूच्या पेटीला थेट न जोडता आतल्या सर्किटच्या ग्राउंडला जोडलं, तर कवचातला प्रवाह सर्किटमध्येच फिरतो आणि घुमतो. इतकी वर्षं उलटली तरी अशी जोडणी आजही सापडते. घरी त्याला फारसा उपाय नाही, पण विकत घेताना शांत खोलीत, काही न लावता आणि नंतर एक यंत्र जोडून, स्पीकरला कान लावून पाहण्याचा आग्रह धरता येतो.

उपाय अवघड नाहीत. अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला जोडलेलं प्रत्येक यंत्र एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, म्हणजे सगळ्यांचे अर्थ वीतभर अंतरात भेटतात. मधल्या वायरी जितक्या आखूड तितक्या बऱ्या. डाव्या-उजव्या वायरी एकत्र बांधा, त्या विजेच्या वायरींपासून लांब ठेवा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. केबल टीव्हीसाठी वायरीच्या वाटेत बसवायचा आयसोलेटर मिळतो. चित्र-आवाजाचा संदेश तो पुढे जाऊ देतो आणि ५० हर्ट्झचा प्रवाह अडवतो. काकांकडे तोच बसवला. गच्चीवरच्या छत्रीच्या डिशला मात्र हा चालत नाही, कारण त्याच वायरीतून वर छत्रीकडे वीजही जात असते. तिथे टीव्हीतून ऑप्टिकल वायर घ्यावी. ती प्रकाश नेते, वीज नेतच नाही, त्यामुळे वेटोळं आपोआप तुटतं. ऑप्टिकलची सोय नसलेल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला आरसीए वायरीच्या मध्ये छोटा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावता येतो. स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरने खालचे सूर थोडे पातळ होतात, हे सांगायला हवं.

लॅपटॉपवरून गाणी लावणाऱ्यांची गोष्ट आणखी सोपी. चार्जर भिंतीतून काढा. लॅपटॉप बॅटरीवर आला आणि घूं किंवा बारीक करकर थांबली तर गुन्हेगार चार्जर. दोन पिनांच्या पुष्कळ चार्जरमधून थोडी वीज झिरपून आउटपुटच्या बाजूला येते. धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवताना बारीक झिणझिण्या येतात, त्या याच.

आणि पंखा! ही तपासणी कुणी सांगत नाही. करकर ऐकू येत असताना पंख्याचा रेग्युलेटर दोनवरून पूर्ण पाचवर नेऊन पाहा. ट्रायॅकवर चालणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक हेलकाव्याचा तुकडा कापून पंख्याला देतात. त्या कापण्याची धारदार खरखर घरभराच्या वायरिंगमधून आणि हवेतून पसरते. पाचवर नेलं की कापणं थांबतं आणि करकरही. दिव्यांच्या डिमरचं तेच. एका घरी आठवडाभर गूढ राहिलेली करकर संध्याकाळीच यायची. संध्याकाळीच का? तेव्हा बैठकीतला डिमरवाला दिवा लागायचा म्हणून. कंडेन्सर वापरणारा स्टेपचा रेग्युलेटर बसवला की पंख्यापुरता प्रश्न मिटतो.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी मागची बारीक अर्थची वायर आधी शोधावी. टर्नटेबलच्या आरसीए पिनांबरोबर एक मोकळी वायर येते, टोकाला काट्यासारखी पट्टी असलेली. ती अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडच्या स्क्रूला लावायची असते. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, फोनो विभाग ते सुमारे शंभरपट करतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात आणि वाजवताना ते परत उचलावे लागतात, ५० हर्ट्झला मध्यम सुरांच्या तुलनेत जवळपास सातपट. घूं नेमका तिथेच उभा असतो. त्यामुळे एक सैल स्क्रू आख्खी रेकॉर्ड बुडवतो. टर्नटेबल अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवण्याची पद्धतही सोडावी. खालच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र सुईपर्यंत पोचतं. हातभर बाजूला सरकवून फरक स्वतः ऐका.

एवढं सगळं करून, इनपुटला शॉर्टिंग प्लग लावूनही घूं राहिला, तर आता खोकं उघडायचा विचार करावा. पण आधी कान स्पीकरवरून काढून खोक्यापाशी न्या. स्पीकर शांत आणि खोकंच गुणगुणतंय, असं असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा आवाज. पत्रे सैल असतील तर बोल्ट आवळून आणि खाली रबरी वॉशर घालून तो दबतो. गोल कड्यासारखा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याचा मधला बोल्ट आवळताना काळजी घ्या. त्या बोल्टची दोन्ही टोकं खोक्याच्या धातूला लागली की ट्रान्सफॉर्मरभोवती बंद वेढा तयार होतो, त्यातून प्रचंड प्रवाह वाहतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. झाकण दाबून बसवताना झालेली ही चूक महागात पडते.

आतल्या भुंग्याचं नेहमीचं कारण म्हणजे मोठे फिल्टर कंडेन्सर. त्यांच्या आत द्रवाने ओला केलेला कागद असतो, आणि उष्णतेने तो द्रव वर्षानुवर्षं सुकत जातो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंबलेला अ‍ॅम्प्लिफायर मोकळ्यावर ठेवलेल्यापेक्षा लवकर घुमायला लागतो. हिशोब असा: धड असलेला ४७०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ०.१ अँपिअर प्रवाहावर सुमारे ०.२ व्होल्टचा तरंग सोडतो. तोच सुकून दहाव्या हिश्श्यावर आला की तरंग २ व्होल्टवर जातो. सर्किट तो थोपवायचा प्रयत्न करतं, पण काही भाग स्पीकरकडे निसटतोच. टोपी फुगलेली, बुडाशी तपकिरी चिकटा आलेला कंडेन्सर डोळ्यांनीही ओळखू येतो. पण टोपी सपाट असली म्हणजे तो चांगला, असं नाही. बदलताना व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, शक्यतो १०५ अंशांचा, आणि दोन्ही बाजूंचे जोडीने. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सहज मिळतात. घेताना वजन आणि छपाई पाहून घ्या. उलटा बसवलेला कंडेन्सर फुटतो.

हे काम हाताला सवय नसलेल्याने करू नये. प्लग काढल्यावरही या कंडेन्सरमध्ये भार साठलेला असतो. तो स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे, पाच वॅटचा शंभर-एक ओहमचा रेझिस्टर दोन टोकांना धरून उतरवायचा आणि मीटरने शून्य झाल्याचं पाहायचं. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना फेजच्या वाटेत १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये ठेवतात. बल्ब क्षणभर लागून मंदावला तर ठीक. लखलखीत लागून राहिला तर आत शॉर्ट आहे. तुमचा कारागीर हे करतो का, ते विचारा. जो करतो, त्याच्याकडे निर्धास्त द्या.

एक घूं मात्र ऐकत बसायचा नाही. चालू करताच मोठ्याने घुमला आणि स्पीकरचा पडदा पुढे किंवा मागे ढकलून तसाच राहिला, तर आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला आहे. सरळ डीसी वीज स्पीकरच्या कॉइलमध्ये जातेय आणि काही सेकंदांत ती जळते, कधी आगही लागते. तिथल्या तिथे बटण बंद करा आणि भिंतीतला प्लगही काढा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती. प्लगची वरची जाड पिन, अर्थची, काढून टाकली की अर्थचं वेटोळं तुटतं आणि घूं खरोखर जातो. म्हणूनच हा उपाय सर्रास सांगितला जातो, आणि काकांनाही तो सांगितला गेला होता. ती पिन कशासाठी आहे? आत कधी फेजची वायर सुटून धातूच्या पेटीला लागली, तर वीज त्या पिनेतून जमिनीत जाऊन एमसीबी किंवा फ्यूज पाडावी, यासाठी. पिन नसेल तर काहीच पडत नाही. अ‍ॅम्प्लिफायर वाजत राहतो आणि त्याच्या पेटीवर, व्हॉल्यूमच्या धातूच्या बटणावर, वायरींमधून पुढे टर्नटेबलच्या दांडीवरसुद्धा २३० व्होल्ट उभे असतात. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून ते बटण कोण फिरवणार, हे आपल्या हातात नसतं.

घराचं अर्थिंगच दुबळं असेल तर तेही दुरुस्त करायला हवं. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ते एक-दोन व्होल्टच्या आसपास असावं. बरंच जास्त निघालं तर मुख्य वायरिंग तपासायला लावा. जुन्या इमारतींत मीठ-कोळशाच्या अर्थिंगच्या खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालणं कुणाचंच काम उरलेलं नसतं. सोसायटीच्या सभेत तो विषय काढा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात नसेल तर बसवून घ्या.

आणि आजच थोडा वेळ काढा. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे हात घाला, प्लग बाहेर काढून पाहा. वरची पिन तोडलेली, कापलेली किंवा दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये लपवलेली दिसली, तर गाणं लावायच्या आधी तो प्लग बदला.